साडेबारा टक्के भुतांना

भुताच्या गरजा तशा माफक. थोडा काळोख, फारशी वर्दळ नसलेली वाट, राहायला एखादा पिंपळ नाहीतर पडकं घर, आणि महिन्याकाठी एक अमावास्या. पगार नको, पेन्शन नको, रेशनकार्ड नको. इतक्या स्वस्तात भागणारं दुसरं कुणी आमच्या उरण तालुक्यात झालं नसेल. तरीही न्हावा शेव्यात भूत टिकत नाही. मी भुताच्या पिक्चरांचा जन्माचा शौकीन, त्यामुळे या गोष्टीचं दुःख पंचक्रोशीत बहुधा मला एकट्यालाच आहे.

दोष पोर्टाचा. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदराचं उद्घाटन झालं आणि त्यानंतर इथे खरी रात्र झालीच नाही. उंच खांबांवरचे दिवे, क्रेनवरचे दिवे, यार्डातले दिवे, रांगेत उभ्या ट्रेलरांचे दिवे. रात्री दोन वाजता ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलाव्यात इतका उजेड. अशा उजेडात पांढऱ्या साडीतली बाई दिसली तर माणूस किंचाळत नाही. ‘तिसऱ्या पाळीची असेल’ म्हणतो आणि पुढे जातो. देशातल्या कंटेनरांचा केवढा तरी हिस्सा आमच्या दारातून जातो याचा अभिमान आम्हाला आहेच. पण कंटेनर चोवीस तास हलत राहिले, तर भुताने हलायचं कधी?

सरकारी भाषेत सांगायचं तर भुतं प्रकल्पग्रस्त आहेत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची तरतूद झाली. ती फुकट नाही झाली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली, जासई-नवघरला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यात थट्टेला जागा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. माणसांच्या जमिनी मोजताना पिंपळावरचा मुंजा, खाडीतला गिऱ्हा आणि बांधावरची हडळ यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कुणीच केली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती त्यांची. दिवसा आपण, रात्री ते, असा तोंडी करार होता आणि तो मोडल्याचं एकही उदाहरण माझ्या आजीला आठवत नव्हतं.

आजीकडे भुतांची हद्दीसकट यादी होती. मिठागरापलीकडची खाडी गिऱ्ह्याची. तो बुडून मेलेला, मासळीचा लोभ दाखवून माणसाला खोल पाण्यात नेणारा. देवळामागचा पिंपळ मुंजाचा. खाजणाच्या बांधावर हडळ, पाय उलटे. पुढे खाडीत मुरूम पडला आणि गिऱ्ह्याचं पाणीच गेलं. पिंपळ रस्ता रुंदीकरणात गेला. हल्ली काही झाडं तोडत नाहीत, मुळासकट उचलून दुसरीकडे लावतात. पण पुनर्रोपण झालेल्या पिंपळाबरोबर मुंजाही ट्रकमध्ये बसून जातो की जुन्या खड्ड्यापाशीच घुटमळतो, याचं उत्तर पर्यावरण अहवालात सापडत नाही.

अपवाद फक्त चकव्याचा. वाटसरूला रात्रभर त्याच त्याच जागी फिरवणारं हे भूत आजीच्या काळी शेताच्या बांधांवर काम करायचं. पोर्ट आलं, रस्ते रुंद झाले, करळ फाट्याला पुलावर पूल चढले आणि चकव्याला चांगले दिवस आले. नवखा ड्रायव्हर जासईकडून शिरतो, जायचं असतं सोनारीला, आणि अर्ध्या तासाने पुन्हा जासईकडे तोंड करून उभा असतो. मोबाइलमधली बाई गोड आवाजात त्याला वळायला सांगत राहते. स्थानिकांना पोर्टात नोकऱ्या मिळाल्या नाहीत अशी ओरड कायम असते. भुतांपुरतं बोलायचं तर भरती झालेला स्थानिक हा एकच. चकवा लागला तर आहे तिथेच बसून उजाडायची वाट बघावी, हा आजीचा उतारा. ट्रेलरवाले आजही तोच वापरतात.

बाकीची मंडळी गेली कुठे? माझा अंदाज, समोर घारापुरीला. शेकडो वर्षांची लेणी, शेवटची लाँच गेली की सगळं सामसूम, आणि मुख्य म्हणजे वीज नाही. संध्याकाळी जनरेटरवर मिळेल तेवढीच. भुतांसाठी यापेक्षा चांगला नोड सिडकोलाही आखता आला नसता. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिथेही वीज नेली. बेटावरच्या माणसांनी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं वाट पाहिली होती, त्यांनी फटाके वाजवले तर ते रास्तच. दुसऱ्यांदा विस्थापित झालेल्यांबद्दल मात्र कुठल्या पेपरात एक ओळ नाही.

मग १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि माझ्या आशा पुन्हा पालवल्या. शिवडीपासून आमच्यापर्यंत २१.८ किलोमीटर, त्यातला बराचसा समुद्रावर, पहाटेचं धुकं, दोन्ही बाजूंना काही नाही. लिफ्ट मागणारी बाई दिसायला याहून योग्य रस्ता कोणता? पण सेतूवर पायी जायला बंदी, दुचाकी-रिक्षाला बंदी, गाडी थांबवायला बंदी, आणि वर सगळीकडे कॅमेरे. बिचारीने उभं राहायचं कुठे? आणि एखाद्या दयाळू माणसाने ब्रेक दाबलाच, तर किंकाळीच्या आधी चलानचा मेसेज येईल. शिवाय गाडीला एका खेपेला अडीचशे रुपये टोल. भूत असो की कुणी, पुढच्या सीटवर बसल्यावर अर्धे मागणारे लोक मला माहीत आहेत.

माझं स्वतःचं भूतशिक्षण सत्यनारायणाच्या पूजेत झालं. आमच्याकडे पूजा घातली की रात्री जागरण, आणि एका काळात जागरणाला भजनाऐवजी भाड्याचा व्हिडिओ यायचा. उरणहून रिक्षात टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटी; सोबत ते सगळं चालवणारा एक पोरगा, ज्याला त्या रात्री यजमानापेक्षा जास्त मान असे. पहिली कॅसेट देवाची, पंगती उठेपर्यंत. मग मारामारीची. आणि बायका-पोरं झोपली असं सर्वानुमते गृहीत धरून शेवटी भुताची. एकही पोर झोपलेलं नसे. चादरीला भोक पाडून आम्ही ‘पुराना मंदिर’ पाहिला आहे. एका बाजूला चौरंगावर सत्यनारायण, केळीचे खांब, समई. दुसऱ्या बाजूला टीव्हीत सैतान सामरी. थोरले काका भीती वाटली की चौरंगाकडे वळून हात जोडायचे, लगेच मान फिरवून पुढचा सीन बघायचे. सकाळी हेच काका शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन सांगायचे, ‘काय नाय रं, सगला मेकअप.’

सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे खरे रूडकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. हे मला फार उशिरा कळलं आणि मुळीच आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडे लोकांना राहत्या घरातून बाहेर काढण्याचं काम नेहमी सिव्हिल इंजिनिअरांनीच केलं आहे.

रामसे बंधूंना लोक हसतात. मी हसत नाही. सात भाऊ, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी संकलन. आमच्याकडे एका घरातल्या माणसांवर होडी चालते, एक सुकाणूला, दोघं जाळ्यावर, तसा त्यांचा पिक्चर चालायचा. आणि त्यांना आमच्या रायगड जिल्ह्याची कदर होती. मुरूडचा जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा त्यांनी पडद्यावर आणला, तोही सेट लावायचा खर्च न करता. समुद्राकाठचा कळकट राजवाडा, तुटकी तावदानं, वटवाघळं जागेवर हजर. आजचे निर्माते हेच कॉम्प्युटरवर करतात आणि वटवाघूळ प्लास्टिकचं दिसतं.

विलायती भूतपट बघताना आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. भांडी आपोआप पडतायत, भिंतीतून आवाज येतोय, मुलगी उलटी चालतेय, मग हे लोक घर सोडून जात का नाहीत? आमच्या गावात हा प्रश्न कुणी विचारत नाही. घर सोडणं म्हणजे काय असतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. उलट जाणत्यांना भुताची कीव येते. दोन तास घसा फोडून, आरसे तडकवून, दिवे घालवून त्याला एक कुटुंब हलवता येत नाही; इथे एका नोटिशीत अख्खं गाव हललं.

या बाबतीत मला सर्वांत जवळचा वाटलेला परदेशी पिक्चर म्हणजे १९८२ सालचा ‘पोल्टरगाइस्ट’. बिल्डरने कबरस्तानच्या जागेवर वसाहत बांधलेली असते. कबरस्तान दुसरीकडे हलवलं असं त्याने सगळ्यांना सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात वरचे नावाचे दगड हलवलेले, खालची प्रेतं तिथेच. शेवटी ती पोहण्याच्या तलावाच्या खड्ड्यातून वर येतात. अमेरिकन प्रेक्षक म्हणे हे बघून हादरला. आमच्याकडे हा पिक्चर भूसंपादन खात्याच्या प्रशिक्षणात दाखवता येईल. कागदावर स्थलांतर पूर्ण, जागेवर सगळे तसेच, ही गोष्ट समजायला आम्हाला सबटायटल लागत नाहीत.

मराठी भुताची गोष्टच निराळी. ते बदला वगैरे घेतं, पण मुळात त्याचा दावा दिवाणी असतो. ‘पछाडलेला’तले इनामदार भुस्नळे बघा; इनामदार मेला तरी इनाम सोडत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तीच अण्णा नाईकांच्या मरणापासून, आणि मग सगळी भावंडं आकेरीच्या त्या घरात जमून जे करतात ते कोकणातल्या कुठल्याही घरात तेराव्याला चालतं. फक्त तिथे पार्श्वसंगीत नसतं. राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ तर वारसाहक्काचा एवढा सुंदर भूतपट आहे की तो लॉ कॉलेजात लावावा. बाप मुलाला काय देऊन जातो? वाडा, विहीर आणि हाव. २०१८ मध्ये तो आला तेव्हा थिएटरं बऱ्यापैकी रिकामी. २०२४ मध्ये परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला. सहा वर्षांत त्यातला हावरा देव हस्तर तोच होता, जमिनीचे भाव वाढले होते. आमच्या भागात तर विमानतळ आणि सेतूची कुणकुण लागल्यापासून प्रत्येक घरात एक हस्तर आहे आणि त्याला पिठाच्या बाहुल्यांवर गप्प बसवता येत नाही.

२०२४चा ‘मुंज्या’ त्यातल्या त्यात निरागस. त्याला जमीन नको, लग्न हवं. शंभर कोटींच्या वर धंदा केला त्याने. एवढ्या पैशांत त्याचं लग्न आमच्याकडे तीन दिवसांची हळद धरून थाटात झालं असतं.

हळदीवरून आठवलं. आमच्या आगरी-कोळी हळदीत बँजो लागला की कधी ना कधी गोमूचं ते गाणं वाजतंच. बायका फेर धरतात, म्हाताऱ्या उठून नाचतात. त्यातल्या कितीजणींना ठाऊक असेल, की ते ‘हा खेळ सावल्यांचा’ या १९७६ च्या भुताच्या पिक्चरमधलं आहे? आशा काळे भीतीने गारठलेल्या, सावल्या हलतायत, आणि मध्येच डॉ. काशिनाथ घाणेकर नाचून जातात. भीती विसरली, गाणं राहिलं. आपल्या लोकांचं हे असं आहे. ‘चाइल्ड्स प्ले’मधल्या बाहुलीने अमेरिकेतली पोरं झोपेत दचकायची; महेश कोठाऱ्यांनी १९९३ मध्ये तिचा तात्या विंचू केला, रामदास पाध्यांनी बाहुला हलवला, आणि शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी एक तरी पोर तात्या विंचू होऊन येऊ लागलं. तात्या विंचूला घाबरलेला माणूस मी पाहिलाय, पण त्याला तात्याची नक्कल करता येत नाही असं झालं नाही.

मग आम्ही घाबरतो कशाला? घाबरतो ना, पण त्याचा पिक्चर निघत नाही.

७ ऑगस्ट २०१० ला आमच्या पोर्टातून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि समोरून आलेलं ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरलं. काही कंटेनरांत कीटकनाशकं. जहाजांची ये-जा बंद, कारण अर्धे बुडालेले लोखंडी पेटारे कुठे तरंगतायत ते कळायला मार्ग नाही. स्पीलबर्गने ‘जॉज’मध्ये शार्क निम्म्याहून जास्त पिक्चर लपवून ठेवला, कारण यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, आणि न दिसणाऱ्या शार्कने जगाला घाम फोडला. आमचा न दिसणारा शार्क वीस फुटी होता आणि त्याला सील लावलेलं होतं. त्या दिवसांत बाजारात कोळणी पाट्या घेऊन बसायच्या आणि गिऱ्हाईक पापलेटाकडे असं बघायचं, की पापलेटालाच भीती वाटावी.

पुढच्याच वर्षी, जून २०११ मध्ये, ‘एमव्ही विस्डम’ नावाचं रिकामं जहाज अलंगला भंगारात जाताना दोर तुटून जुहूच्या चौपाटीला लागलं. माणूस नाही, काणूस नाही. त्यावरून सुचलेला ‘भूत : द हाँटेड शिप’ २०२० मध्ये आला, विकी कौशल आत शिरला. म्हणजे बघा, जुहूला एक जहाज लागलं तर पिक्चर निघतो. आमच्याकडे रोज लागतात.

आणि २७ जून २०१७. त्या दिवशी पोर्टातल्या एका टर्मिनलचे, जीटीआयचे, कॉम्प्युटर बसले. पेट्या नावाचा व्हायरस. जगभर पसरला होता. काळा पडदा, लाल अक्षरं, तीनशे डॉलरची मागणी, तीही बिटकॉइनमध्ये. कुठला कंटेनर कुठल्या थरात आहे हे सांगणारी यंत्रणा मुकी. बाहेर ट्रेलरांच्या रांगा. जपानी ‘रिंगू’मध्ये शापित कॅसेट बघितली की सात दिवसांनी मरण येतं, इथे स्क्रीन बघितल्या क्षणी सगळ्यांचे चेहरे उतरले. माझ्या मते ती गेल्या काही वर्षांतली उत्तम हॉरर कथा आहे. त्यात सुंदर बाई नाही, वाडा नाही, पाऊस मात्र आपल्या वेळेवर आला होता.

सर्वांत जुनी भीती मात्र जहाजाची नाही आणि कॉम्प्युटरचीही नाही. पोर्टासाठी शेवा कोळीवाड्यातली दोनशेवर कुटुंबं उठवून उरणजवळ नवं गाव वसवलं, हनुमान कोळीवाडा. तिथे घरांना वाळवी लागली. वाळवी म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला परेश मोकाशींचा २०२३चा पिक्चर आठवतो. इथल्या माणसांना दाराची चौकट आठवते. चांगल्या जागेसाठी त्यांचं भांडण दशकानुदशकं चाललं आहे. भूत मारुतीच्या नावाने पळतं असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि यांच्या तर गावाचंच नाव हनुमान. वाळवी नावाला भीत नाही. अंगात येत नाही, किंचाळत नाही, अमावास्या बघत नाही. शांतपणे वासा खाते. नारायण धारपांनी हे लिहिलं असतं तर शेवटी त्यांच्या कथांतले समर्थ येऊन घर सोडवून गेले असते.

शौकिनांचे प्रकार मी बरेच पाहिले, पण सर्वांत निष्ठावंत प्रेक्षक सापडतो तो पार्किंगमध्ये. रांगेत अडकलेले ट्रेलरवाले. कोण बलियाचा, कोण अलवरचा. रात्री केबिनमध्ये मोबाइल टेकवून हिंदीत डब केलेला दाक्षिणात्य भूतपट लावतात. ‘कांचना’, ‘अरुंधती’, ‘चंद्रमुखी’. त्यांची पारायणं झालेली असतात. पुढची गाडी सरकली की पॉज, दहा फूट पुढे, पुन्हा प्ले. चंद्रमुखीच्या अंगात यायला अशा रीतीने कधी कधी पहाट होते. मी एकाला विचारलं, एकटाच बसून बघतोस, भीती नाही वाटत? म्हणाला, ‘भूत से क्या डरना साहब, गेट बंद हो गया तो?’ जहाजाची वेळ टळली आणि गेट बंद झालं की कंटेनर मागे राहतो. धंद्यात त्याला ‘शट आउट’ म्हणतात. हा शब्द ऐकून मोठमोठे निर्यातदार पांढरे पडलेले मी पाहिलेत. सामरीला बघून एवढं कुणी पांढरं पडत नसे.

मी कस्टम्समधून माल सोडवण्याच्या, म्हणजे क्लिअरिंगच्या धंद्यात असल्यामुळे असेल, पण सगळ्या भुतांमध्ये मला मनापासून आदर आहे तो ड्रॅक्युलाबद्दल. पिक्चरवाल्यांनी त्याचा झगा आणि सुळे तेवढे उचलले. ब्रॅम स्टोकरची १८९७ची मूळ कादंबरी वाचा. तो माणूस चक्क आयात-निर्यात करतो. आपल्या गावची माती पन्नास पेट्यांत भरतो, वार्ना बंदरात ‘डेमीटर’ जहाजावर चढवतो, इंग्लंडात व्हिटबीला उतरवतो. तिथला वकील आधीच ठरवलेला, पुढे रेल्वेने लंडन, तिथून घरपोच. स्टोकरने मालवाहतुकीची पत्रंसुद्धा दिली आहेत. आणि पेट्यांत माती का? तर दुसऱ्या मुलखात गेलं तरी झोपायला आपलीच जमीन हवी. आपली माती सोबत घेऊन स्थलांतर केलेला जगातला हा एकमेव विस्थापित. साडेबारा टक्के नाही, शंभर टक्के.

फक्त तो व्हिटबीला उतरला म्हणून जमलं. न्हावा शेव्याला उतरता तर?

मी एकदा दुपारच्या चहाला आमच्या म्हात्रेकाकांना ही सगळी केस समजावून सांगितली. काकांची हयात क्लिअरिंगमध्ये गेली. पिक्चर ते फक्त दादा कोंडक्यांचे बघतात. मी म्हटलं, समजा जहाज आलं. खलाशी एकही नाही, कप्तान सुकाणूला बांधलेला, मेलेला. काका म्हणाले, ‘बीएल हाय का?’ बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाजी मालाची पावती. म्हटलं, आहे. ‘मंग चालू दे.’

पन्नास पेट्या, लाकडी. काका लगेच, ‘लाकडावर फ्युमिगेशनचा शिक्का?’ ट्रान्सिल्व्हेनियात कुठला शिक्का! म्हणजे इथे गॅस मारावा लागणार. मिथाइल ब्रोमाइड, पेट्या ताडपत्रीखाली. क्रूस आणि लसूण यांवर चारशे वर्षं मात केलेला उमराव पहिल्याच दिवशी खोकून बेजार. शिवाय माती. परदेशातली माती परवान्याशिवाय आपल्याकडे आणताच येत नाही. तीत कीड असते, बुरशी असते, जंतू असतात. ‘आनि ह्याच्यात?’ काकांनी विचारलं. ह्याच्यात आयातदार स्वतः आहे, मी म्हटलं.

काकांनी बिस्किट बुडवलं. मी पुढे गेलो. कंटेनर स्कॅनरखाली गेला. ड्रॅक्युला आरशात दिसत नाही हे जगजाहीर. एक्स-रेमध्ये दिसतो की नाही यावर ग्रंथांत मौन आहे. नाही दिसला तर पेटीत वजनापेक्षा माल कमी, संशय. दिसला तर जाहीर केल्यापेक्षा माल जास्त, संशय. दोन्हीकडून पेटी उघडून तपासणी. तपासणी कधी? ऑफिसच्या वेळात. ऑफिसची वेळ सकाळी दहा ते सहा. लख्ख उन्हात पेटी उघडायची आणि पार्टीचा माणूस हजर हवा. पार्टी तर सूर्य मावळल्याशिवाय उठत नाही. बरं, रात्री उठून स्वतः आला, तर गेटवर अडला. निमंत्रणाशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. इथे निमंत्रणाला पास म्हणतात, आणि पासला फोटो लागतो. फोटोत तो येत नाही.

तीस दिवस गेले. कंटेनर अडकवून ठेवल्याचं भाडं, म्हणजे डिटेन्शन, रोज चढतंय. कस्टम्स कायद्याचं कलम ४८ लागलं. आयातदाराला नोटीस, उत्तर नाही, माल लिलावात. पन्नास पेट्या माती एका भंगारवाल्याने लाकडाच्या भावाने उचलली आणि माती टाकली उलव्याच्या कुठल्यातरी भरावात. त्या भरावावर आता सात मजली इमारत आहे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना रात्री झोप लागत नाही. इथून पुढे पिक्चर सुरू होतो, मी म्हटलं. कसा वाटला?

म्हात्रेकाकांनी कप खाली ठेवला. बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, ‘त्ये सगलं ठीक हाय. पन महिनाभराचं डिटेन्शन कोनाच्या अंगावर?’

मी म्हटलं, काका, पार्टी चारशे वर्षांपूर्वीच मेलेली आहे.

‘मंग,’ काका उठता उठता म्हणाले, ‘अशा पार्टीकडून पयलंच अ‍ॅडव्हान्स घ्याचा असतो.’